किडनी प्रत्यारोपण झालंय? मग घरातल्या साध्या व्हायरसलाही हलक्यात घेऊ नका

किडनी प्रत्यारोपण झालं की डायलिसिसच्या चकरा थांबतात, पण दुसरी काळजी सुरू होते. शरीराने नव्या किडनीला परकं समजून हल्ला करू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेटसारख्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवतात. म्हणूनच इतरांना चार दिवस झोपवणारा व्हायरस या रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. पहिले सहा महिने जास्त जोखमीचे.

नेहमी त्रास देणारा व्हायरस म्हणजे सीएमव्ही. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो गुपचूप पडून असतो. तो उठू नये म्हणून बऱ्याच रुग्णांना व्हॅलगॅन्सिक्लोविर ही गोळी तीन ते सहा महिने देतात. गोळी महाग आहे. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना सरळ सांगावं, पण परस्पर बंद करू नये.

बीके व्हायरस जास्त फसवा. ताप नाही, दुखणं नाही, आतल्या आत नवी किडनी खराब होते. तो कळतो फक्त रक्त-लघवीच्या तपासणीत. त्यामुळे सुगी असो की लग्नसराई, तपासणीची तारीख चुकवायची नाही.

घरात पोराला कांजिण्या आल्या तर रुग्णाच्या अंगावर फोड येण्याची वाट बघू नये. त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन करावा, कारण बचावाचे उपचार सुरुवातीच्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

हिपॅटायटिस बी, कांजिण्या या लसी ऑपरेशनआधीच उरकून घेतलेल्या बऱ्या. नंतर कांजिण्या, गोवर-रुबेला अशा जिवंत लसी सहसा देत नाहीत. फ्लूचं इंजेक्शन मात्र दरवर्षी चालतं, ते घरच्यांनीही घ्यावं. बाळाला पोलिओचे थेंब दिले असतील तर काही आठवडे त्याची शी-शू दुसऱ्या कुणीतरी काढावी, कारण लसीतला विषाणू शीतून बाहेर पडतो. पाणी उकळूनच प्यावं. दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई ची कावीळ होऊ शकते.

आणि गुळवेलीचा काढा? शेजारीपाजारी प्रेमाने आणून देतात. पण इथे प्रतिकारशक्ती वाढवणं म्हणजे किडनीवरच हल्ला ओढवून घेणं. नकोच.

ताप १००.४ च्या वर गेला, जुलाब लागले, दम लागला तर गावातल्या दवाखान्यात जातानाही फाईल सोबत न्यावी. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी किडनीला घातक ठरते, आणि काही अँटिबायोटिकनी टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण एकदम वाढतं. ‘किडनी बदललेली आहे’ हे केसपेपर काढतानाच सांगावं.