निमोची पिल्लं आणि जपानी तळ्यातली पीडा

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या पाटोद्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली, म्हणजे लोक हसणारच. असो. टाकीतल्या क्लाउनफिशच्या जोडीने कुंडीच्या खापरावर केशरी अंडी चिकटवली तेव्हा मला वाटलं, जिंकलो! नर दिवसभर परांनी पाणी हलवत राहतो, खराब अंडी खाऊन टाकतो. आठवडाभरात अंड्यांत चंदेरी डोळे चमकतात, आणि अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात.

आमची तीन दिवसांत संपली. उपाशी.

गंमत म्हणजे अंडी मिळवणं हा खरा प्रश्न नव्हताच, अडायचं पिल्लांच्या तोंडापाशी. त्यांना लागतं हलतं, जिवंत आणि मिलिमीटरपेक्षाही कितीतरी लहान खाद्य. आर्टेमियासुद्धा सुरुवातीला मोठा पडतो! उत्तर निघालं जपानमधून. तिथे १९५० च्या दशकात ईल माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचा सूक्ष्म जीव माजायचा, लोकांना तो पीडाच वाटायचा. १९६० मध्ये इतो या संशोधकाने हीच पीडा समुद्री माशांच्या पिल्लांना खाऊ म्हणून वापरता येते हे मांडलं. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात मार्टिन मो यांनी क्लाउनफिशची पैदास चक्क धंदा म्हणून सुरू केली. ('फाइंडिंग निमो' आला २००३ मध्ये!) आपल्याकडे ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानने शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभारली आहे.

आता माझ्या खिडकीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या आहेत, रोटिफरसाठी. "शेवाळ कशाला पाळलंयस?" आई विचारते. दुसऱ्या खेपेची अकरा पिल्लं आज नवव्या दिवशीही पोहताहेत. दोघांवर पांढरा पट्टा उमटायला लागलाय.