स्टँड-अप पॅडलबोर्डिंग

स्टँड-अप पॅडलबोर्डिंग हा रुंद फळीवर उभे राहून लांब वल्ह्याच्या साहाय्याने पाण्यावरून पुढे जाण्याचा जलक्रीडा प्रकार आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'एसयूपी' किंवा 'सप' या संक्षिप्त नावानेही ओळखला जातो. तळी, नद्या, खाड्या आणि समुद्र अशा सर्व प्रकारच्या पाण्यात हा खेळ खेळला जातो. समुद्राच्या फुटणाऱ्या लाटांवर खेळल्या जाणाऱ्या त्याच्या प्रकारास 'सप सर्फिंग' म्हणतात. आधुनिक स्वरूपात या खेळाचा उगम हवाई बेटांवरील सर्फिंगच्या परंपरेतून झाला. असे असूनही सर्फरांच्या समाजात त्याचे स्थान दीर्घकाळ वादग्रस्त राहिले आहे. वल्ह्यामुळे मिळणाऱ्या वेगामुळे लाटांची वाटणी विषम होते, हा सर्फरांचा मुख्य आक्षेप आहे. दुसरीकडे, याच खेळावरील अधिकारासाठी सर्फिंगच्या जागतिक महासंघाने क्रीडा लवादापुढे आपली बाजू लढवली.

नाव

हवाई भाषेत या खेळास 'होए हेए नालू' असे म्हणतात. 'होए' म्हणजे वल्हे अथवा वल्हवणे आणि 'हेए नालू' म्हणजे लाटेवरून सरकणे, म्हणजेच सर्फिंग. हवाई नावात सर्फिंगचा उल्लेख मुळातच आहे. इंग्रजी नावात मात्र तो नाही. नुसते 'पॅडलबोर्डिंग' हा याहून जुना आणि वेगळा खेळ असून त्यात फळीवर पालथे झोपून किंवा गुडघे टेकून हातांनी पाणी मारले जाते.

इतिहास

पूर्वपरंपरा

तरंगत्या साधनावर उभे राहून ते वल्हवण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आढळते. पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावरील वांचाको येथील कोळी तोतोरा नावाच्या लव्हाळ्यापासून 'काबायितो' ही निमुळती होडी बांधतात. तिच्यावर बसून किंवा गुडघे टेकून, चिरलेल्या बांबूच्या वल्ह्याने ते समुद्रात जातात आणि परतताना लाटेवर स्वार होऊन किनारा गाठतात. इस्रायलमध्ये किनाऱ्यावरील जीवरक्षक 'हसाके' नावाच्या रुंद, सपाट फळीवर उभे राहून दुहेरी पात्याचे वल्हे वापरत असत. आजचा खेळ मात्र थेट यांतून उतरलेला नसून त्याची परंपरा हवाईमधील आहे.

वाइकीकी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओआहू बेटावरील वाइकीकी किनाऱ्यावर पर्यटकांना सर्फिंग शिकवणाऱ्या स्थानिक तरुणांना 'बीच बॉय' म्हणत. ऑलिम्पिक जलतरणपटू व आधुनिक सर्फिंगचे प्रसारक ड्यूक काहानामोकू (१८९०–१९६८) हे याच परंपरेतले होते. शतकाच्या मध्यावर यांपैकी काहीजण होडीचे वल्हे हाती घेऊन मोठ्या फळीवर उभे राहू लागले. उभे राहिल्याने येणाऱ्या लाटा लवकर दिसत, शिकाऊ पर्यटकांवर लक्ष ठेवता येई आणि गळ्यातील कॅमेरा न भिजवता त्यांची छायाचित्रेही काढता येत. जॉन 'पॉप्स' आ चॉय व त्यांचे पुत्र लिरॉय आणि बॉबी यांची नावे या संदर्भात विशेषत्वाने घेतली जातात. या पद्धतीस 'बीच बॉय सर्फिंग' असेही म्हटले जाई. पुढील काही दशके ती वाइकीकीपुरतीच मर्यादित राहिली.

पुनरुज्जीवन

१९९० च्या दशकाच्या मध्यावर माउई बेटावरील लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फरांनी लहान लाटांच्या दिवसांत सरावासाठी मोठ्या फळ्यांवर उभे राहून वल्हवण्यास सुरुवात केली. बसून वापरावयाची होडीची वल्ही त्यासाठी आखूड पडत असल्याने त्यांनी लांब दांड्याची वल्ही बनवून घेतली. हॅमिल्टन हे महाकाय लाटांवरील सर्फिंगसाठी तोपर्यंत जगप्रसिद्ध झालेले असल्याने या प्रयोगाकडे सर्वांचे लक्ष गेले. ओआहूच्या पश्चिम किनाऱ्यावरील माकाहा येथे ब्रायन केआउलाना यांनी वल्ह्यासह सर्फिंगला उत्तेजन दिले. १९७७ पासून भरणाऱ्या 'बफेलोज बिग बोर्ड सर्फिंग क्लासिक' या स्पर्धेत त्यासाठी स्वतंत्र गट ठेवण्यात आला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा खेळ कॅलिफोर्नियात व तेथून इतर देशांत पोहोचला.

साधने

फळी: शांत पाण्यासाठीची सर्वसाधारण फळी १० ते १२ फूट लांब व ३० ते ३४ इंच रुंद असते. लाटांसाठीच्या फळ्या आखूड, सामान्यतः ७ ते १० फुटांच्या व टोकांकडे वळलेल्या असतात. शर्यतीच्या फळ्या अरुंद व लांब असून १४ फूट ही त्यांची प्रचलित लांबी आहे.

हवा भरण्याची फळी: या प्रकारात कापडाचे दोन थर हजारो धाग्यांनी एकमेकांशी जोडलेले असतात. हवा भरल्यावर हे धागे ताणले जातात व फळी फुग्यासारखी गोल न होता सपाट राहते. हवेचा दाब साधारणतः दर चौरस इंचास १२ ते १५ पौंड असतो. गुंडाळून पिशवीतून नेता येणाऱ्या या फळीमुळे खेळ समुद्रापासून दूरच्या गावांत पोहोचला.

वल्हे: ते वापरणाऱ्याच्या उंचीपेक्षा साधारणतः १५ ते २५ सेंटिमीटर लांब असते, लाटांसाठी ते थोडे आखूड ठेवतात. पाते दांड्याच्या रेषेपासून पुढच्या बाजूस कललेले असते. नवशिके ते बहुधा उलटे धरतात.

लीश: फळी व खेळाडू यांना जोडणाऱ्या दोरीस 'लीश' म्हणतात. लाटांमध्ये सरळ, तर शांत पाण्यात वेटोळ्यांची लीश वापरतात.

सर्फरांमधील स्थान

लाटेवरील हक्काचा संकेत

सर्फिंगमध्ये पंच नसतात. रोजचा व्यवहार अलिखित संकेतांवर चालतो. लाटांची वाट पाहत सर्फर ज्या पट्ट्यात थांबतात त्यास 'लाइन-अप' म्हणतात. लाट जेथे प्रथम फुटते त्या बिंदूच्या सर्वांत जवळ असलेल्या अथवा लाटेवर आधीच स्वार झालेल्या सर्फरचा तिच्यावर हक्क मानला जातो. इतरांनी ती सोडून द्यावी, असा संकेत आहे. चांगल्या लाटा थोड्या व सर्फर पुष्कळ असल्याने या संकेतास मोठे महत्त्व आहे. सर्वजण हातांनीच पाणी मारून लाट पकडतात, हे त्यात गृहीत धरलेले असते.

आक्षेप

वल्हे हाती असलेल्या खेळाडूमुळे हे गृहीतक कोलमडते. साधा सर्फर फळीवर बसून वाट पाहतो व त्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर उंचीवर असतात. उभ्या असलेल्या खेळाडूचे डोळे दीड मीटरहून अधिक उंचीवर असल्याने येणाऱ्या लाटा त्याला आधी दिसतात. लांब, तरंगाऊ फळी व वल्हे यांमुळे तो अधिक वेगाने योग्य जागी पोहोचतो. शिवाय तो आधीच उभा असल्याने, लाट पुरती उभारण्यापूर्वीच, इतरांच्या बरीच बाहेर तो तिच्यावर स्वार होतो. लाट लाइन-अपपर्यंत येते तेव्हा संकेतानुसार तिच्यावर त्याचाच हक्क असतो. अशा प्रकारे कोणताही नियम न मोडता एक खेळाडू एकामागून एक लाटा घेऊ शकतो. नियम पाळला जातो, पण लाटा सर्वांना मिळाव्यात हा त्याचा हेतू विफल होतो. वादाचे मूळ येथेच आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे. आखूड फळीचा सर्फर फुटत्या लाटेखाली फळीसह बुडी मारू शकतो. सपची फळी जास्त तरंगाऊ असल्याने तिच्यासह बुडी मारता येत नाही. खेळाडूला ती सोडून पाण्यात उडी घ्यावी लागते. अशा वेळी ३ मीटरची फळी व तेवढीच लांब लीश मिळून सुमारे ६ मीटरच्या परिघात इतरांना इजा होण्याचा धोका असतो. समुद्राचा अनुभव नसलेले नवशिके वल्ह्याच्या बळावर गर्दीच्या लाइन-अपमध्ये सहज पोहोचतात, ही तक्रार याच्याशी निगडित आहे.

हा रोष भाषेतही उतरला. वल्हे फिरवण्याच्या हालचालीवरून सर्फर सप खेळाडूंना 'झाडूवाला' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी चिडवू लागले. कॅलिफोर्नियात 'ब्लेम लेअर्ड', म्हणजे 'दोष लेअर्डला द्या', ही घोषणा वाहनांवरील चिकटपट्ट्यांवर झळकली. पुढे हॅमिल्टन यांनी स्वतःही ती विनोदाने स्वीकारली.

समर्थन व तडजोड

समर्थकांच्या मते दोष साधनाचा नसून वर्तनाचा आहे. वल्ह्यामुळे दुर्बळ, उशिरा फुटणाऱ्या लाटाही पकडता येतात, ज्या इतरांच्या उपयोगाच्या नसतात. खांदे किंवा पाठ दुखावल्याने हातांनी पाणी मारणे अशक्य झालेल्या व वय झालेल्या सर्फरांना समुद्रात राहण्याचा मार्ग त्यामुळे मिळतो. हा खेळ वाइकीकीच्या सर्फरांनीच घडवल्याने तो परका ठरवता येत नाही, असेही ते दाखवून देतात. काही किनाऱ्यांवर सपसाठी वेगळे पट्टे आखण्यात आले आहेत. इतरत्र अनुभवी खेळाडू गर्दीपासून दूर थांबणे, हक्काच्या काही लाटा मुद्दाम सोडून देणे आणि नवशिक्यांना शांत पाण्यातच शिकवणे, असे संकेत पाळतात.

सर्फिंगमध्ये असा वाद नवीन नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आखूड फळ्या आल्यावर लांब फळीवाल्यांशी त्यांचे खटके उडाले. १९७१ मध्ये टॉम मोरी यांनी बनवलेल्या बॉडीबोर्डचे स्वार दीर्घकाळ हेटाळणीचा विषय होते.

स्पर्धा व नियंत्रण

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातील डेना पॉइंट येथे सुरू झालेल्या 'बॅटल ऑफ द पॅडल' या शर्यतीने खेळाला व्यापक प्रसिद्धी मिळवून दिली. मोलोकाई ते ओआहू ही सुमारे ५१ किलोमीटरची खुल्या समुद्रातील शर्यत सर्वांत खडतर शर्यतींमध्ये गणली जाते. लाटांवरील स्पर्धांत हवाईचे काई लेनी व कॅलिफोर्नियाच्या कँडिस ॲपलबी ही नावे अग्रगण्य आहेत.

इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनने या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१२ मध्ये पेरूतील लिमा येथे भरवली. त्याच शहरातील २०१९ च्या पॅन-अमेरिकन क्रीडास्पर्धांत सर्फिंगबरोबर सपच्या लाटांवरील व शर्यतीच्या प्रकारांचाही समावेश होता. दरम्यान इंटरनॅशनल कनू फेडरेशन या होड्यांच्या शर्यतींच्या महासंघाने, वल्हे वापरले जात असल्याने हा खेळ आपल्या कक्षेत येतो, असा दावा केला व २०१९ मध्ये चीनमधील छिंगदाओ येथे स्वतःची जागतिक स्पर्धा भरवली. हा वाद लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२० च्या निर्णयानुसार ऑलिम्पिक पातळीवर सपचे नियंत्रण सर्फिंग महासंघाकडे राहिले. कनू महासंघास आपल्या स्पर्धा भरवण्याची मुभा मिळाली. खेळ ऑलिम्पिकमध्ये मात्र अद्याप आलेला नाही. टोकियो व पॅरिस येथील ऑलिम्पिकमध्ये केवळ आखूड फळीचे सर्फिंग झाले.

सुरक्षा

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने लाटांच्या व पोहण्याच्या पट्ट्याबाहेर वापरल्या जाणाऱ्या सप फळीस 'जलयान' ठरवले. त्यामुळे तेथे जीवरक्षक जाकीट जवळ असणे आवश्यक झाले. लाटांच्या पट्ट्यात ती सर्फबोर्डाप्रमाणेच मानली जाते. एकाच फळीचे स्थान पाण्यानुसार बदलते, याचे हे कायदेशीर उदाहरण होय.

पाण्यानुसार धोकेही बदलतात. समुद्रात घोट्याला बांधलेली लीश खेळाडूला फळीजवळ ठेवून त्याचा जीव वाचवते. वाहत्या नदीत मात्र तीच लीश खडकात किंवा झाडाच्या फांदीत अडकल्यास प्रवाहाच्या जोरामुळे खेळाडूला वाकून ती सोडवता येत नाही. म्हणून नदीत कमरेला बांधावयाची, एका झटक्यात सुटणारी लीश वापरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्ट येथे पुराचे पाणी असलेल्या नदीतील बंधाऱ्यावरून एक गट खाली गेला व चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर वाहत्या पाण्यासाठीचे साहित्य, मार्गाची पूर्वपाहणी आणि मार्गदर्शकांची पात्रता हे विषय ब्रिटनमध्ये ऐरणीवर आले. वाऱ्याने फळी किनाऱ्यापासून दूर नेणे हा खुल्या पाण्यातील नेहमीचा धोका आहे. उभा माणूस शिडासारखे काम करतो, म्हणून अशा वेळी गुडघ्यांवर किंवा पोटावर होऊन परतावे, असे शिकवले जाते.

भारतात

भारतात हा खेळ सर्फिंगच्या केंद्रांमधूनच रुजला. कर्नाटकातील मुल्की व तमिळनाडूतील चेन्नईजवळचे कोवलम ही त्यांतील प्रमुख केंद्रे होत. कोवलमच्या मच्छीमार वस्तीतून आलेले शेखर पच्चै आणि कर्नाटक किनाऱ्यावरील तन्वी जगदीश हे या खेळातील अग्रणी भारतीय स्पर्धक आहेत. मार्च २०२४ मध्ये मंगळुरूजवळील ससिहित्लू येथे 'इंडिया पॅडल फेस्टिव्हल' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. गोव्यात व कोकणात खाड्या आणि नद्यांच्या संथ पाण्यावर तो मुख्यतः पर्यटकांचा विरंगुळा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने येथील हंगाम साधारणतः ऑक्टोबर ते मे असा असतो.

सद्यस्थिती

हवा भरण्याच्या फळीच्या प्रसारानंतर जगभरातील बहुसंख्य सप खेळाडू लाटांकडे न जाता तळी, कालवे व खाड्यांमध्येच वल्हवतात. त्यांच्यापैकी अनेकांचा सर्फिंगशी कधीच संबंध येत नाही. परिणामी, सर्फरांशी असलेला वाद आता मोजक्या गर्दीच्या किनाऱ्यांपुरता उरला आहे. तेथे मात्र तो मिटलेला नाही, कारण लाटांची संख्या वाढत नाही आणि हक्काचा संकेत आजही अलिखितच आहे.