प्राचीन मंदिरांचा ख्रिस्ती अन्वयार्थ

ग्रीक, रोमन व ईजिप्शियन देवतांच्या उपासनेसाठी बांधलेल्या वास्तूंना ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर प्राप्त झालेला नवा आध्यात्मिक अर्थ आणि त्याला अनुसरून त्यांचे झालेले रूपांतर. या प्रक्रियेस यूरोपीय अभ्यासक ‘इंटरप्रिटाशिओ क्रिस्तिआना’ (ख्रिस्ती अन्वयार्थ) ही लॅटिन संज्ञा वापरतात. इ. स. चौथे ते सातवे शतक हा तिचा प्रमुख काळ होय. हा अर्थ मूळ वास्तूत दडलेला नव्हता. विधी, समर्पण व स्मरण यांच्या द्वारा तो तिला देण्यात आला. पुष्कळदा मात्र वास्तू टिकणार की नाही, हे त्याच्यावरच अवलंबून राहिले.

आरंभीचे ख्रिस्ती लोक प्रामुख्याने घरांतून एकत्र जमून उपासना करीत. सिरियातील दूरा-यूरोपस येथे तिसऱ्या शतकातील अशा एका घराचे अवशेष उत्खननात सापडले आहेत. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात संत पॉलच्या अथेन्समधील भाषणाचा वृत्तांत आहे. अज्ञात देवाला वाहिलेल्या एका वेदीचा उल्लेख करून, लोक ज्याला न ओळखता पूजितात त्याचीच आपण घोषणा करीत आहोत, असे पॉल तेथे सांगतो. मानवी हातांनी बांधलेल्या मंदिरांत ईश्वर राहत नाही, असेही तो त्याच भाषणात म्हणतो. पहिल्या विचाराने जुन्या पूजास्थानात नवा अर्थ पाहण्यास आधार मिळाला, तर दुसऱ्याने वास्तूच्या पावित्र्यालाच मर्यादा घातली. पुढील सर्व घडामोडींत या दोन विचारांतील ताण जाणवतो.

सम्राट पहिला थीओडोशियस याने ३९१–९२ मध्ये काढलेल्या आज्ञांनी मंदिरांतील यज्ञ व उपासना यांवर बंदी आली. त्याच सुमारास ॲलेक्झांड्रियातील सेरापिस देवतेचे भव्य मंदिर पाडण्यात आले. पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटीस स्कोलास्टिकस याच्या वृत्तांतानुसार, तेथील शिळांवर क्रुसासारखी चिन्हे आढळली आणि ती कोणाची यावरून दोन्ही पक्षांत वाद झाला. चित्रलिपी जाणणाऱ्या काहींनी त्या चिन्हाचा अर्थ ‘येणारे जीवन’ असा सांगितला. हे चिन्ह ‘अंख’ असावे. प्राचीन ईजिप्शियन लिपीत त्याचा अर्थ ‘जीवन’ असा होतो. पुढे ईजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती कलेत ते क्रुसाचे एक रूप म्हणून रूढ झाले. अशा रीतीने मंदिर नष्ट झाले, तरी त्यातील एक चिन्ह नव्या अर्थाने टिकून राहिले.

वास्तूच राखून ठेवण्याचे धोरण पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याच्या पत्रांतून स्पष्ट होते. ६०१ मध्ये त्याने केंटचा राजा एथेलबर्ट याला मूर्तिपूजेची स्थाने पाडण्यास सुचविले होते. परंतु त्यानंतर लवकरच मेलिटस या मठाधिपतीला लिहिलेल्या पत्रात त्याने आपला विचार बदलला. मूर्ती नष्ट कराव्यात. मंदिरे भक्कम असल्यास ती मात्र पाडू नयेत, तेथे पवित्र जल शिंपडावे, वेद्या उभाराव्यात व संतांचे अवशेष ठेवावेत, असे त्याने कळविले. परिचित जागी येण्यास लोक कचरणार नाहीत, हे त्यामागील कारण होते. बीड या इंग्रज इतिहासकाराने आपल्या ग्रंथात हे पत्र जतन केले आहे.

रूपांतरात वास्तुरचनेची एक मूलभूत अडचण होती. ग्रीक मंदिर हे देवतेचे निवासस्थान असे. बळी देण्याची वेदी बाहेर असे व उपासकही बाहेरच जमत. ख्रिस्ती उपासनेत मंडळीला आत सामावून घेणे आवश्यक होते. सिसिलीमधील सिरॅक्यूस येथील इ. स. पू. पाचव्या शतकातील अथीनाच्या मंदिराचे सातव्या शतकात चर्च झाले. त्या वेळी बाहेरील स्तंभांमधील मोकळ्या जागा भिंतींनी भरून काढण्यात आल्या आणि गर्भगृहाच्या भिंती फोडून कमानी काढण्यात आल्या. डोरिक शैलीचे ते स्तंभ आजही तेथील कॅथीड्रलच्या भिंतींत स्पष्ट दिसतात. अथेन्सच्या पार्थनॉनमध्ये (इ. स. पू. ४४७–४३२) पूर्वेकडे अर्धवर्तुळाकार वेदीस्थान बांधून मुख्य प्रवेश पश्चिमेकडे नेण्यात आला. त्याच्या अनेक शिल्पपट्टांवरील आकृती फोडण्यात आल्या. परंतु उत्तर बाजूच्या पश्चिम टोकाचा एक पट्ट बचावला. त्यात एक स्त्री बसलेली व दुसरी तिच्यासमोर उभी आहे. देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता सांगत आहे, असा त्याचा अर्थ लावला गेल्याने तो वाचला असावा, असे मत जर्मन पुरातत्त्वज्ञ गेर्हार्ट रोडेनव्हाल्ट याने १९३३ मध्ये मांडले.

या प्रक्रियेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोममधील पँथीऑन हे होय. सम्राट हेड्रिअनच्या काळात सु. १२५ मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिराच्या घुमटाचा व्यास व जमिनीपासूनची उंची या दोन्ही सु. ४३.३ मी. आहेत. घुमटाच्या माथ्यावरील वर्तुळाकार गवाक्षातून आत प्रकाश येतो. ‘पँथीऑन’ या नावाचा अर्थ ‘सर्व देवांचे’ असा आहे. तथापि घुमट आकाशासारखा असल्याने हे नाव पडले असावे, असा तर्क कॅशिअस डायो याने केला होता. सम्राट फोकसच्या संमतीने पोप चौथा बॉनिफेस याने बहुधा १३ मे ६०९ रोजी हे मंदिर मेरी व सर्व हुतात्मे यांना समर्पित केले. सर्व देवांच्या जागी सर्व हुतात्मे आले, हे साम्य बीडनेही नोंदविले आहे. पेन्टेकॉस्टच्या सणाला गवाक्षातून गुलाबाच्या लाल पाकळ्यांचा वर्षाव केला जातो व तो पवित्र आत्म्याच्या अवतरणाचे प्रतीक मानतात. समर्पणामुळे वास्तू पाडली गेली नाही. लुटीपासून मात्र ती सर्वस्वी वाचली नाही. ६६३ मध्ये सम्राट दुसरा कॉन्स्टन्स याने छतावरील काशाचे पत्रे नेले, तर सतराव्या शतकात पोप आठवा अर्बन याने द्वारमंडपातील काशाचे वासे काढून घेतले.

या रूपांतरांकडे केवळ एका धर्माचा विजय म्हणून पाहणे पुरेसे नाही. पँथीऑनचे समर्पण मंदिरांतील उपासनेवरील बंदीनंतर दोन शतकांनी झाले. ईजिप्तमधील फिली येथील आयसिसचे मंदिर सु. ५३५–३७ मध्ये सम्राट पहिला जस्टिनियन याच्या आज्ञेने बंद झाले व बिशप थीओडोरने त्याच्या एका भागात संत स्टीफनचे चर्च स्थापिले. तेथील पूजापरंपरा त्यापूर्वीच क्षीण झाली होती, असे अलीकडील संशोधन सुचविते. तरीही विच्छिन्न आकृतींशेजारी कोरलेले क्रूस तेथे दिसतात. एकाची श्रद्धा रुजताना दुसऱ्याची पुसली गेली, याची ती साक्ष होय. अन्वयार्थाने दगड राखले. त्यांचा मूळ अर्थ जाणून घेण्याचे कार्य पुरातत्त्वविद्येकडे आले. पँथीऑनमध्ये आजही ख्रिस्ती उपासना चालते. २०२३ पासून पर्यटकांना तेथे प्रवेशशुल्क द्यावे लागते. उपासनेसाठी येणाऱ्यांना मात्र ते नाही.