चूक कोणी शोधावी?

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनालाही स्थान दिले. हा विचार मात्र नवा नव्हे. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू केले. त्यांच्या एका साधनात लाकडी ठोकळ्याच्या दहा खाचांत दहा दट्टे बसवावयाचे असतात. बारीक दट्टा रुंद खाचेत घातला, तर अखेरीस एक दट्टा उरतो. चूक शिक्षिका सांगत नाही. साधनच दाखवते आणि मूल पुन्हा मांडणी करते. १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी भावनगरला काढलेल्या बालमंदिराने या पद्धतीचा आधार घेतला. तेथे त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांत स्थानिक, अल्पमोली साधनांनी हा विचार रुजवला.

या परंपरेने बक्षीस व शिक्षा दोन्ही वर्ज्य मानली, हे लक्षणीय आहे. चूक उघड झाल्याने गुण जाणार असतील, तर मूल ती लपवते. म्हणून स्वयंमूल्यमापनाचा रकाना भरून घेऊन त्यालाच गुण देणे म्हणजे परीक्षेला केवळ दुसरे नाव देणे होय.