उरलेले धर्माला

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्याकडे एक दिवा वेगळा लावतात. बाकीच्या पणत्या अंगणात, तुळशीपाशी, उंबऱ्यावर. हा एकटा मात्र दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा. यमाचा दिवा! वर्षातल्या सर्वांत आनंदाच्या सणाच्या तोंडालाच मृत्यूला आठवणीने दिवा दाखवणाऱ्या आपल्या पूर्वजांचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी मृत्युपत्राचा विषय मांडला, तर वाचक तो अभद्र मानणार नाहीत अशी आशा आहे.

गावात मास्तर असला म्हणजे साऱ्यांचे अर्ज, पत्रे आणि मसुदे त्याच्याच ओटीवर येतात. आमच्या आळीतले एक वृद्ध गृहस्थ गेल्या वर्षी असेच आले. पत्नी जाऊन बरीच वर्षे झालेली, मूलबाळ नाही. बसता बसताच म्हणाले, "मास्तर, दहा ओळी लिहून द्या. घर भाचीला, भांडीकुंडी तिच्या मुलीला, आणि बँकेत जे काय उरेल ते धर्माला."

"कुठल्या धर्माला, आबा?" मी विचारले.

"कुठल्या म्हणजे? धर्म म्हणजे धर्म! मास्तर असून विचारता?"

आबा रागावले. पण माझा प्रश्न वाटला तितका वेडगळ नव्हता. हाच प्रश्न पूर्वी मुंबईच्या एका खटल्यात थेट लंडनपर्यंत गेला होता, आणि तिथल्या न्यायाधीशांनाही त्याचे उत्तर सापडले नव्हते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राला मृत्युपत्र ठाऊक नाही. दान करायचे ते जिवंतपणी, हातावरून पाणी सोडून. मेल्यावर आपली इच्छा कागदावरून चालवायची ही रीत इंग्रजी अमदानीत रुजली, आणि १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मुंबईतल्या पैसेवाल्या हिंदूंनी मृत्युपत्रे केली, पण मन जुनेच होते. घरच्यांची सोय लावून झाली की शेवटी लिहायचे, 'बाकीचे धरमला.' अशाच एका मृत्युपत्राचा, रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्याचा, निकाल १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने दिला. न्यायाधीशांनी विल्सनसाहेबांचा कोश उघडला. त्यात धर्म या शब्दाचे अर्थ सापडले ते कायदा, सदाचार, कर्तव्य असे. म्हणजे पैसा नेमका कुठे खर्चायचा? आणि विश्वस्तांनी तो भलतीकडेच खर्चला, तर कोर्टाने त्यांचा कान कशाच्या आधाराने धरायचा? शब्द इतका मोठा की तो मुठीत मावेना. दान रद्द ठरले.

या निकालावर पुढे आपल्याकडे पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यच होती. आपल्या माणसाला 'धर्म' म्हणताना काय म्हणायचे असते ते कोशात सापडत नाही. पण न्यायाधीश ज्या मापाने मोजत होते ते माप त्यांनी मुद्दाम आपल्यासाठी घडवलेले नव्हते. ते त्यांच्याच देशातल्या मेलेल्या माणसांच्या दानांवर घासून तयार झाले होते. १६०१ साली, एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, धर्मादायाच्या पैशाचा गैरवापर थांबवण्यासाठी इंग्लंडात एक कायदा झाला. धर्मादाय कशाला म्हणावे याची यादी त्याच्या प्रास्ताविकात आहे. त्या यादीत अगदी आरंभी कोण असावे? वृद्ध, अपंग आणि गरीब. शाळा, पूल, रस्ते हे सारे त्यांच्या मागून.

या कायद्याला दहा वर्षे होतात न होतात तोच लंडनमध्ये एका म्हाताऱ्याने असे दान केले की साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले. त्याचे नाव टॉमस सटन. लिंकनशायरमधल्या एका खेड्यात १५३२ साली जन्मलेला हा गृहस्थ उत्तरेकडच्या सरकारी तोफखान्याचा अधिकारी झाला. डरॅमकडच्या कोळशाच्या खाणी त्याने पट्ट्याने घेतल्या, १५८२ साली एका धनवान विधवेशी लग्न केले, आणि पुढे सरदार-उमरावांना व्याजाने पैसे देऊ लागला. सरदार घराण्यांबाहेरचा इंग्लंडातला सर्वांत श्रीमंत माणूस अशी त्याची ख्याती होती. औरस मूल नव्हते. १६०२ साली बायको वारली. मग भोवती नाना तऱ्हेची गोड बोलणारी माणसे जमली असतील हे काय सांगायला हवे? बेन जॉन्सनचे 'व्हॉल्पोनी' हे नाटक खोटे आजारपण पांघरून वारसाची आशा धरणाऱ्यांना झुलवणाऱ्या एका श्रीमंताचे आहे. त्यातला नायक म्हणजे सटनच, अशी वदंता मागाहून चालत आली.

पण सटनच्या मनात वेगळेच होते. १६११ साली त्याने लंडनच्या वेशीबाहेरचा चार्टरहाउस नावाचा वाडा १३,००० पौंडांना विकत घेतला. ही जागा मोठी विलक्षण. १३४८ च्या महामारीत लंडनची प्रेते इथल्या मैदानात पुरली. १३७१ साली तिथे मौनव्रती साधूंचा मठ उभा राहिला. आठव्या हेन्रीला धर्माचा प्रमुख मानीना म्हणून या मठाच्या महंताला १५३५ साली देहान्त शासन झाले. मठाचा पुढे सरदारांचा वाडा झाला, आणि तोच वाडा सटनने गरीब म्हाताऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्या मुलांसाठी घेतला. राजाची सनद मिळवली, कारभाऱ्यांचे मंडळ नेमले, जमिनी नावे करून दिल्या आणि त्याच वर्षीच्या १२ डिसेंबरला डोळे मिटले.

तेराव्याचे जेवण आपल्याकडे होते, तसा तिकडे खटला झाला म्हणा ना! सटनचा भाचा सायमन बॅक्स्टर कोर्टात उभा राहिला. त्याच्या बाजूने बोलायला साक्षात फ्रान्सिस बेकन होता. त्यांचा मुद्दा मोठा चतुर होता. सनद दिली तेव्हा तिथे ना रुग्णालय होते, ना कोणी म्हातारा राहायला आला होता. जी संस्था जन्मलीच नाही तिला दान कसे पोहोचणार? १६१२ साली निकाल सटनच्या बाजूने लागला. एडवर्ड कोक याने तो नोंदवून ठेवला आहे. त्याचे सार असे, की संस्था ही दगडविटांची नसते. ती कायद्याच्या नजरेत उभी असते. तिला देह नाही, म्हणून तिला मरणही नाही. मला हा विचार वाचून गंमत वाटली. संस्था स्वतः म्हातारी होत नाही, म्हणूनच ती म्हाताऱ्यांना सांभाळू शकते! पोटची मुलेही शेवटी आपल्याबरोबरच म्हातारी होत जातात.

१६१४ साली चार्टरहाउसचे दार उघडले. ८० वृद्ध आणि ४० मुले अशी योजना होती. घ्यायचे कोणाला हेही स्पष्ट होते: हलाखीत सापडलेले कुलीन गृहस्थ, जमिनीवर वा समुद्रावर लढलेले सैनिक, चाचेगिरीत किंवा जहाज फुटून बुडालेले व्यापारी, राजवाड्यातले जुने नोकर. या साऱ्यांना एकच नाव मिळाले, 'बंधू'. भिकारी नव्हे, आश्रितही नव्हे.

या बंधूंपैकी एकाची हकीकत मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. कँटरबरीचा स्टीफन ग्रे हा रंगाऱ्याचा धंदा करणारा माणूस. विज्ञानाचे वेड, हातात पैसा नाही. उतारवयात तो चार्टरहाउसला येऊन राहिला. म्हातारा आता पडून राहील असेच कोणालाही वाटले असते. पण १७२९ साली, वयाची साठी उलटल्यावर, वीज एका वस्तूतून दुसरीत दोरीवाटे लांबवर जाते हे या माणसाने प्रयोगाने दाखवले. पुढच्या वर्षी त्याने एका मुलाला रेशमी दोऱ्यांनी आडवा टांगला, त्याच्या अंगात वीज सोडली, आणि त्या मुलाकडे सोनेरी वर्खाचे कपटे उडून येताना दिसले. रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक १७३१ साली पहिल्यांदा देण्यात आले ते या ग्रेला. आज आपल्या घरात तारेतून दिवा लागतो, त्या दिव्याच्या वंशावळीत वृद्धांच्या धर्मशाळेतला हा एक म्हातारा बसलेला आहे. म्हाताऱ्याला दोन वेळचे जेवण आणि निजायला खोली दिली म्हणजे तो पैसा बुडीत खाती गेला, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरा बंधू कल्पनेतला, पण आपल्या ओळखीतला. कलकत्त्यात जन्मलेला कादंबरीकार थॅकरे लहानपणी चार्टरहाउसच्याच शाळेत शिकला. त्याच्या 'न्यूकम्स' या कादंबरीतला कर्नल न्यूकम हिंदुस्थानच्या फौजेत आयुष्य घालवतो, इथल्याच एका बँकेच्या दिवाळ्यात सर्वस्व गमावतो आणि आपल्या जुन्या शाळेच्या आवारात गरीब बंधू म्हणून येऊन राहतो. मरणाच्या क्षणी संध्याकाळची घंटा वाजते, आणि शाळकरी पोराने हजेरीला ओ द्यावी तशी ओ देऊन तो जातो. रोज हजेरी घेणाऱ्या माझ्यासारख्याला ते पान कोरड्या डोळ्यांनी वाचता येत नाही.

पण सटनचे सारे गोडच झाले असे नाही. जमिनींचे उत्पन्न घटले तशी बंधूंची संख्या कमी करावी लागली. शाळा १८७२ साली गोडालमिंगला गेली. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बाँबगोळ्यांनी वाडा जळाला, तो पुन्हा उभारला. तरी दार बंद झाले नाही. आज तिथे चाळीसच्या आसपास वृद्ध राहतात, आणि २०१८ पासून स्त्रियांनाही प्रवेश आहे. गंमत म्हणजे त्यांनाही 'बंधू'च म्हणतात! चारशे वर्षांहून अधिक काळ एका मेलेल्या माणसाचा शब्द पाळला जातो आहे.

आणि तरीसुद्धा हरलेल्या पक्षाच्या वकिलाचे एक म्हणणे माझ्या मनातून जात नाही. बेकनने राजाला याच संपत्तीविषयी सल्ला लिहून दिला होता. भाच्याची वकिली बाजूला ठेवून तो वाचावा. त्याचा आशय असा, की एकाच ठिकाणी अवाढव्य धर्मशाळा बांधण्यापेक्षा जिथे गरज असेल तिथे गावोगाव बेताच्या संस्था काढाव्यात. मोठीचा डोळ्यांना दिपवणारा थाट होईल, पण लहानांचा आधार माणसांना अधिक जाणवेल. बेकन खटला हरला. पण आपल्या आळीपुरता तरी तोच बरोबर होता असे मला वाटते.

कारण दान टिकते ते रकमेवर नव्हे. ते नाव, गाव, काम आणि राखणदार यांवर टिकते. आपल्या जुन्या राजांना हे पक्के ठाऊक होते. शिलाहार-यादवांच्या काळचे दानाचे शिलालेख पाहा. कोणाला, कोणते गाव, कोणत्या चतुःसीमेचे, सारे कोरलेले असते. आणि मोडील त्याला गाढवाचा शाप! कोकणात आणि देशावर असे गधेगळ अजून उभे आहेत. सटनने कारभारी मंडळ नेमले, आपल्या राजांनी गाढव नेमले. हेतू एकच.

'धर्मा'वरचा तो जुना डागही पुढे पुसला गेला. १९५० साली मुंबई राज्यात सार्वजनिक न्यासांचा कायदा झाला. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान अशा हेतूंनी केलेला सार्वजनिक न्यास, केवळ हेतू निश्चित नाही एवढ्याच कारणाने रद्द समजू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. महाराष्ट्रात तो कायदा आजही चालू आहे. म्हणजे आबांचे 'धर्माला' आज कायद्याने सरसकट फेटाळले जाणार नाही. पण त्या पैशाचे काय करायचे हे मग दुसरे कोणी ठरवणार. आबांच्या मनातले त्यांना कसे कळावे?

मी आबांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, मला देऊळबिऊळ म्हणायचे नव्हते. आपल्या आळीत माझ्यासारखी पाच-सहा माणसे आहेत. औषध आणायला कोणी नाही. रात्री हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही. तेवढ्यासाठी."

"मग तेवढेच लिहू," मी म्हणालो.

आणि तेवढेच लिहिले. आळीचे नाव लिहिले. साठीपुढची, घरात करणारे कोणी नसलेली माणसे, जात-धर्म न पाहता. मुद्दल ठेवायचे, व्याजातून औषधपाणी आणि रात्रीची सोबत. पैसा गावच्या वाचनालयाच्या न्यासाकडे, आणि तो न्यास मोडला तर पुढे कोणाकडे, तेही लिहिले. मग मसुदा वकिलांना दाखवला, दोन साक्षीदारांसमक्ष आबांनी सही केली.

उठताना आबा उंबऱ्याशी थांबले. "मास्तर, ती रात्रीची सोबत... त्यासाठी मरायलाच हवे का हो?"

या प्रश्नाला ना कोकच्या निकालात उत्तर होते, ना १९५० च्या कायद्यात. आपल्या धर्मशास्त्रात मात्र होते: द्यायचे ते जिवंतपणी. या पावसाळ्यापासून आळीतली दोन मोठी मुले आळीपाळीने आबांच्या ओसरीवर अभ्यासाला बसतात आणि तिथेच निजतात. आबा त्यांना सकाळी चहा देतात आणि गणिते चुकली तर ओरडतात. मृत्युपत्र कपाटात आहे. त्याला अजून घाई नाही.