केगेलचा व्यायाम आणि विसरलेला दाबमापक

बाळंतपणानंतर शिंक आली, खोकला आला किंवा जड ओझें उचललें कीं लघवीचे थेंब निसटतात, ही तक्रार फार जुनी आहे; तिच्याविषयींचें मौनही तितकेंच जुनें आहे. मराठी घरांत बाळंतिणीस शेकशेगडी मिळते, डिंकाचे लाडू मिळतात. परंतु ही तक्रार ओठांवर आलीच, तर "बाळंतपण म्हटलें कीं हें चालायचेंच" एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. हें उत्तर खरें नव्हे, असें दाखवून देणाऱ्या एका शोधाचा इतिहास उद्बोधक आहे.

ओटीपोटाच्या तळाशीं स्नायूंचा एक पडदा असतो. पुढें जघनास्थि व मागें माकडहाड यांच्यामध्यें तो झोळीसारखा ताणलेला असून मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून आधार देतो. गर्भारपणांत त्यावर महिनोन् महिने भार पडतो. प्रसूतीच्या वेळीं मूल त्याच्यामधूनच बाहेर येत असल्यामुळें तो अतिशय ताणला जातो, क्वचित् फाटतोही. हा पडदा सैल पडला कीं लघवी आवरत नाहीं. कांहीं स्त्रियांचें अंगही बाहेर येऊं लागतें.

या स्नायूंना व्यायाम द्यावा, ही कल्पना एकाच माणसाची नव्हे. इ. स. १९३६ मध्यें नृत्यशिक्षिका मार्गारेट मॉरिस यांनीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील मिनी रँडेल यांच्या सहकार्यानें बाळंतिणींच्या व्यायामांवर पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. परंतु या विषयास मोजमापाची जोड दिली ती अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगेल यांनीं. त्यांचा निबंध १९४८ मध्यें प्रसिद्ध झाला.

केगेल यांच्या पद्धतीचीं दोन अंगें होतीं. पहिलें अंग व्यायामाचें, दुसरें परीक्षेचें. योग्य तो स्नायु आकुंचन पावतो कीं नाहीं, हें ते प्रथम बोटानें तपासून पाहत. नंतर 'पेरिनिओमीटर' नांवाचें उपकरण देत. योनिमार्गांत ठेवावयाची रबराची एक लहान पोकळ नळी व तिला जोडलेला दाबमापक, एवढीच त्याची रचना होती. स्नायु आवळला कीं दाबमापकाचा कांटा सरके. डोळ्यांना न दिसणारें आपलें बळ रोज किती वाढतें, हें त्या स्त्रीला स्वतःच पाहतां येई.

पुढील काळांत केगेल यांचें नांव जगभर झालें. दाबमापक मात्र मागें पडला. छापील पत्रकांतील चार ओळी किंवा दारांत उभ्या उभ्या दिलेली सूचना, एवढ्यावरच पुष्कळ ठिकाणीं काम भागूं लागलें. याचा परिणाम काय होतो, तें १९९१ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनें दाखविलें. ४७ स्त्रियांना थोडक्यांत तोंडी सूचना देऊन तपासलें असतां २३ जणींचाच प्रयत्न उत्तम ठरला; १२ जणींची रीत तर तक्रार वाढविण्याचाच संभव असलेली होती. स्नायु वर उचलण्याऐवजीं खालीं जोर दिला, तर असें होतें. अशी स्त्री महिनोन् महिने कष्ट करते आणि गुण येत नाहीं म्हणून दोष स्वतःला देते. वास्तविक उणीव शिकवणुकींत असते.

नीट शिकविलें तर काय घडतें, याचा पुरावा नॉर्वेंतून आला. तेथें ३०१ पहिलटकरणींवर झालेला प्रयोग २००३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्या जणींना विसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यांच्या दरम्यान बारा आठवडे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं व्यायाम दिला. प्रसूतीनंतर तीन महिन्यांनीं लघवी निसटण्याची तक्रार व्यायाम केलेल्यांत शेंकडा २०, तर इतरांत शेंकडा ३२ होती. सर्वच बऱ्या झाल्या असें नव्हे. परंतु हा फरक लहान नव्हे.

इंग्लंडांतील 'नाइस' या संस्थेनें २०१९ मध्यें दिलेल्या मार्गदर्शनांत केगेल यांचीं दोन्ही अंगें पुन्हां एकत्र आलेलीं दिसतात. स्नायु खरोखर आकुंचन पावतो कीं नाहीं, हें आधीं तपासावें; मग देखरेखीखालीं निदान तीन महिने, दिवसांतून तीन वेळां, दर वेळीं निदान आठ आकुंचनें करावींत, असें ती संस्था सांगते.

रीत सांगावयास सोपी आहे. वायु व लघवी एकाच वेळीं रोखावी तसें आंत आणि वर आवळावें, मग पूर्ण सैल सोडावें. श्वास कोंडूं नये, पोट व मांड्या ताठ करूं नयेत. परंतु सांगणें सोपें म्हणून तपासणें अनावश्यक ठरत नाहीं. गर्भारपणींच डॉक्टरांना किंवा व्यायामोपचार जाणणाऱ्या तज्ज्ञ बाईंना "हें बरोबर होत आहे काय?" असें विचारण्यांत लाज वाटण्यासारखें कांहींच नाहीं. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनींही "चालायचेंच" म्हणण्याऐवजीं सुनेला किंवा लेकीला तो प्रश्न विचारण्यास धीर दिला पाहिजे.