बांधावरची बाभूळ

* बाभूळ : इथे देशी बाभूळ अभिप्रेत आहे. अमेरिका खंडातून येऊन ओढ्याकाठी, माळावर माजलेली वेडी बाभूळ वेगळी. तिला शेतकऱ्याने बांधावर हौसेने जागा दिलेली नाही. देशी बाभळीतही देशावरच्या शेतकऱ्याची पसंती रामकाठीला. तिच्या फांद्या झाडूसारख्या उभ्या वाढतात, त्यामुळे सावली कमी पडते आणि खालची ज्वारी दबत नाही.

लाकूड चिवट आणि जड. सुतार ते पाण्यात मुरवून मगच हत्याराला लावत, म्हणजे कीड कमी लागे. गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, नांगर, कुळव, कुऱ्हाडीचा दांडा, सगळ्याला बाभूळच. या कामाचा मोबदला सुताराला बलुत्याच्या धान्यात मिळे.

सालीची कथा आणखी लांब जाते. तिच्यात टॅनिन भरपूर असल्याने चांभार-ढोरांच्या कातडे कमावण्याच्या कुंडात ती हिरड्याबरोबर पडे. कोल्हापुरी चपलेचे चामडे परंपरेने याच मिश्रणात कमावतात. म्हणजे 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेत बांधावरच्या झाडाचाही वाटा आहे, जाहिरातीत तो सहसा दिसत नाही इतकेच.

उरलेले थोडक्यात : कोवळी काडी दातवणाला, डिंक बाळंतिणीच्या लाडवांना, काटेरी फांद्या कुंपणाला. शेंगा शेळ्या आवडीने खातात. त्यांच्या पोटातून गेलेले बी टणक टरफल मऊ झाल्याने लवकर रुजते. त्यामुळे बांधावरच्या कित्येक बाभळी कुणी मुद्दाम लावलेल्या नसतात. शेतकरी त्या फक्त राखतो.